मुलाचं ऐकू येतं, सुनेचं नाही

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,
मी ६४ वर्षांची. कोपरखैरण्याला राहते. ठाण्यातल्या एका शाळेतून मराठीची शिक्षिका म्हणून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दोन-तीन वर्षांपासून आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. मुलाचं बोलणं बऱ्यापैकी कळतं. सुनेचं कळत नाही, आणि चार वर्षांच्या नातीचं तर नाहीच. परवा सून मुलाला म्हणाली, "आईंना तुझं बरोबर ऐकू येतं, माझं तेवढं येत नाही." नेमकं हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. तेव्हापासून घरात बोलायचीच भीती वाटते. भिशीला जाणं सोडलं, नाटकं सोडली.

कानाची तपासणी करून घेतली. उजवा ५२, डावा ५५ निघाला. दोन्ही कानांच्या मशीनचे तीन ठिकाणी तीन भाव सांगितले: ४८ हजार, १ लाख ६५ हजार आणि ३ लाख ४० हजार. भाच्याने ऑनलाइन अडीच हजारांचं मागवून दिलं, ते लावलं की डोकं उठतं. मुलगा म्हणतो, पैशाचं बघू नकोस, पण बाहेरून दिसणार नाही असं घे. हे म्हणतात, वयच झालंय, कशाला एवढा खटाटोप. एकाच कानाला घेतलं तर भागेल का? आणि खर्च किती करावा?
– एक वाचक, कोपरखैरणे

बाई, नमस्कार.

शाळेत शिकवत होतात, म्हणून बाईच म्हणते. तुम्ही प्रश्न दोनच विचारलेत, एक कान की दोन आणि किती पैसे. त्यांची उत्तरं देतेच. पण सुनेच्या त्या वाक्यापाशी तुमचं पेन इतकं रुतलंय की कागदाच्या मागे अक्षरं उमटलीत. खरा प्रश्न तिथे आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही. मुलाचं ऐकू येतं आणि सुनेचं का येत नाही? तिथूनच सुरुवात करते, कारण मशीन कोणतं घ्यायचं याचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाची, झेरॉक्स जोडलीत ते फार बरं केलंत. तो कागद एकदा हातात घ्या. गोल खुणा उजव्या कानाच्या, फुल्या डाव्या कानाच्या. डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी चढत जाते, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत. वरून खाली डेसिबल वाढत जातात, म्हणजे खूण जितकी खाली तितका आवाज मोठा करावा लागला. आता तुमचा उजवा कान बघा. २५० ला खूण २५ वर आहे, तिथे जवळजवळ काही बिघडलेलं नाही. ५०० ला ३५, १००० ला ४५, २००० ला ६० आणि ४००० ला ७०. शेवटच्या चार आकड्यांची सरासरी काढून त्यांनी ५२ लिहिलंय. पण सरासरी सोडा, उतार बघा. घसरगुंडी आहे ती. जाड, खर्जातले आवाज तुम्हाला येतात. बारीक, वरच्या पट्टीतले येत नाहीत.

वयाने कान जातो तो असाच जातो. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखं वेटोळं असतं, त्यात बारीक केसांच्या पेशी असतात. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी बारीक आवाज टिपतात आणि आधी त्याच झिजतात. गेलेली पेशी परत उगवत नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, बाईचा २०० च्या आसपास, लहान मुलांचा त्याहून वर, आणि सुराबरोबर शब्द ओळखू येतात ते बारीक आवाजही वर सरकतात. म्हणजे तुमच्या घरात मुलगा उताराच्या वरच्या टोकाला बसलाय, सून मधे आणि नात पार खाली. हा पक्षपात नाही, पट्टीचा फरक आहे.

दुसरी गोष्ट तुम्हाला बाराखडीतून सांगते, कारण तुम्ही ती जन्मभर शिकवलीत. बोलण्यातला जोर असतो स्वरांत आणि स्वर पुष्कळसे खालच्या पट्टीत असतात. स, श, त, क, ख, फ ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि आवाजाने नाजूक. तुम्हाला काना, मात्रा, वेलांटी ऐकू येते, अक्षर गळून पडतं. सून "सात" म्हणते, तुमच्यापर्यंत नुसतं "-आत" पोचतं, आणि मग हात, सात, दात, भात यातलं कोणतं ते तुमचा मेंदू अंदाजाने भरतो. मी एकदा जावेने "कात्री आहे का?" विचारल्यावर "शंभर टक्के!" असं उत्तर दिलं होतं. मला "खात्री" ऐकू आलं होतं. ती कात्रीसाठी हात पुढे करून उभी आणि मी मान डोलावतेय.

आणि म्हणूनच ओरडून उपयोग होत नाही. माणूस ओरडतो तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात. शिवाय अशा कानाला बारीक आवाज येत नाही, पण मोठा आवाज एकदम बोचतो. मग सून आधी हळू बोलते, तुम्ही "आं?" म्हणता, ती ओरडते, तुम्ही म्हणता "ओरडतेस कशाला!" आणि झालं. हे नाट्य माझ्या घरी वर्षभर रोज चाललं होतं, भाकरीच्या वेळेला हमखास.

तो झेरॉक्स आज सुनेला दाखवा. माफी नको, खुलासा नको, नुसता कागद पुढे ठेवा आणि तिचा आवाज कुठे येतो तिथे बोट ठेवा. तुम्हाला तिचं ते वाक्य स्वच्छ ऐकू आलं याचंही कारण साधं असावं. मिक्सर बंद असणार, एक्झॉस्ट बंद असणार आणि सूनबाई रागात शब्द सुटे सुटे बोलल्या असणार. तिला सांगा, असंच बोल, राग तेवढा वगळून.

आता मशीन. मी दोन्ही कानांत नऊ वर्षं वापरतेय. त्यातलं पहिलं दीड वर्ष ते माझ्या कानात नव्हतं, कपाटात नथीच्या डबीशेजारी होतं. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात घेतलं. तपासणी काचेच्या खोलीत झाली, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत पंखा. दहा मिनिटांत कानात बसवलं, पैसे घेतले, पिशवी दिली. घरी आले, स्वयंपाकघरात ताटं मांडली आणि वाटलं कुणीतरी भांड्यांचं दुकान उलटं केलंय. फोन केला तर म्हणाले, "सवय होईल." सवय झाली ती मशीन काढून ठेवायची.

पुढे नौपाड्यात एक तरुण ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणारी तज्ज्ञ, भेटली. मी मनाशी नवीन मशीनची तयारी करून गेले होते. तिने जुनंच लॅपटॉपला जोडलं, माझ्या कानात पडद्याजवळ एक बारीक नळी सोडली आणि मशीनमधून कानापर्यंत प्रत्यक्षात किती आवाज पोचतोय ते मोजलं. बारीक आवाज हवे तितके वाढलेच नव्हते, आणि भांड्यांचे, दारांचे मोठे आवाज नको तितके वाढले होते. दोन महिन्यांत पाच वेळा तिने मला बसवून थोडं थोडं बदललं. मशीन तेच, किंमत तीच, मी मात्र पुन्हा भिशीत. तेव्हापासून कुणी "कोणत्या कंपनीचं घेऊ?" विचारलं की मी विचारते, "बसवणार कोण?"

म्हणजे पहिली निवड माणसाची करा. ऑडिओलॉजिस्टकडे वाचा आणि श्रवण या विषयातली पदवी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी असते. नंबर विचारायला लाजू नका, शाळेत हजेरी घेत होतात तसं विचारा. दुकानात मशीन विकणारा प्रत्येकजण ऑडिओलॉजिस्ट नसतो, पांढरा कोट कुणालाही मिळतो. कानातली नळी घालून मोजमाप करणार का, याला "रिअल इअर" म्हणतात, तेही विचारा. प्रश्न समजलाच नाही असं समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसलं, तर चहा पिऊन निघा. घेतल्यावर सेटिंगसाठी किती वेळा येता येईल, त्याचे वेगळे पैसे पडतील का, बिघडलं तर दुरुस्तीला किती दिवस जाईल आणि तेवढ्या दिवसांसाठी दुसरं देणार का, हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. आणखी एक प्रश्न हमखास राहून जातो: हे मशीन दुसऱ्या गावी, दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे प्रोग्रॅम करून मिळेल, की फक्त तुमच्याच शाखेत? उद्या मुलाची पुण्याला बदली झाली तर तुमचे कान कोपरखैरण्यातच अडकायला नकोत.

तिऱ्हाईत मत हवं असेल तर वांद्र्याला जा. तिथे केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे, १९८३ पासूनची. वाशीहून हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून वांद्रे. अर्धा-एक दिवस मोडेल. पण तिथे बसलेल्या माणसाला तुम्हाला काही विकायचं नसतं, आणि कानाच्या बाबतीत असा माणूस मिळणं ही चैन आहे. तुमच्या वाशीत महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्रही आहे, तिथेही चौकशी करा.

ऑडिओलॉजिस्टच्या आधी एकदा कान-नाक-घसा डॉक्टरांना मात्र दाखवायचंच. कधी कधी सगळा गोंधळ मळाचा असतो आणि तो काढला की माणूस घरी येऊन टीव्हीचा आवाज कमी करतो. तुमच्या कागदावर हवेतून (कानाला हेडफोन लावून) आणि हाडातून (कानामागच्या हाडाला यंत्र टेकवून) घेतलेल्या दोन्ही रेघा बरोबरीने उतरतात, म्हणजे दोष आतल्या कानाचा आहे, औषधाने भरून यायचा नाही. तरी डॉक्टर बघू देत. आणि कृपा करून लसूण घातलेलं कोमट तेल कानात नको. कुणी ना कुणी शेजारीण सांगेलच.

एक अपवाद सगळ्यांसाठी लिहून ठेवते. एखाद्या सकाळी उठल्यावर एकाच कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर "सर्दी असेल" म्हणून थांबायचं नाही. त्याच दिवशी ईएनटी गाठायचा. त्यावर स्टिरॉइडचा उपचार असतो आणि तो पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेला बरा. एकाच कानात सतत गुणगुण, कानातून पाणी किंवा रक्त, चक्कर, दोन कानांच्या ऐकण्यात मोठा फरक, हेही डॉक्टरांचंच काम, मशीनवाल्याचं नव्हे.

आता भाच्याच्या अडीच हजारांकडे वळू. बिचाऱ्याने प्रेमाने मागवलंय. पण तो नुसता आवाज वाढवणारा डबा आहे. तो सरसकट सगळंच चढवतो, तुमचा जो २५० चा चांगला कान आहे तिथेही. पंखा, फ्रिज, खाली रिव्हर्स घेणारी गाडी, सगळं मोठं होतं. सुनेचा "स" मात्र जिथल्या तिथे. डोकं उठणारच. खरं श्रवणयंत्र तुमच्या त्या घसरगुंडीप्रमाणे जिथे कमी आहे तिथेच भर घालतं, हळू आवाज जास्त वाढवतं, मोठा आवाज कमी वाढवतं. भाच्याला छान वाटतंय म्हणा आणि ते ठेवून द्या.

एक कान की दोन? दोन. तुमचे दोन्ही कान जवळजवळ सारखेच गेलेत, मग एकालाच मशीन म्हणजे चष्म्याला एकच काच. आवाज कुठून येतोय हे मेंदू दोन कानांच्या फरकावरून ठरवतो. कोपरखैरणे स्टेशनबाहेर रस्ता ओलांडताना रिक्षा डावीकडून येतेय की उजवीकडून, हे एका कानावर कळत नाही. गोंगाटात शब्द वेगळे काढायलाही दोन्ही कान लागतात. पैशाचीच अडचण असेल तर दोन स्वस्त घ्या, एक महाग घेऊ नका. विकणारे याच्या उलट सांगतील.

आणि किती खर्च? ३ लाख ४० हजारांचं मी तुमच्या जागी असते तर ट्रायलही घेतली नसती. ट्रायल घेतली की मन अडकतं. बऱ्याचदा एकाच कंपनीची स्वस्त, मधली आणि महाग मशीनं आतून एकाच चिपवर चालतात. फरक असतो तो सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या सोयी उघडल्या आहेत त्याचा: गोंगाट किती हुशारीने दाबतं, समोरच्याचा आवाज किती नेमका धरतं, आवाजाच्या पट्टीचे किती भाग (चॅनल) वेगवेगळे हाताळतं. अमेरिकेत मेम्फिस विद्यापीठातल्या रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये वयस्कर माणसांना साधी आणि भारी दोन्ही तऱ्हेची मशीनं आलटून पालटून वापरायला दिली. दोन्हींचा उपयोग झाला, पण भारीने साध्याहून जास्त काही पदरात टाकल्याचं दिसलं नाही. अभ्यास छोटा होता. तरी तीन लाखांचा कागद पुढे सरकवणाऱ्यासमोर तो आठवायला हरकत नाही.

तुमचा दिवस कसा जातो ते बघा. घर, फोन, बाजार, भिशी आणि मनात असेल तर नाटक. तुम्ही रोज चाळीस माणसांच्या मीटिंगला बसत नाही. मी तुमच्या जागी असते तर ४८ हजारांचं आठवडाभर घरी नेलं असतं, मग १ लाख ६५ हजारांचं आठवडाभर, आणि दोन्हींत भिशी एकदा गाठली असती. घरात फरक जाणवणार नाही. आठ बायका एकदम बोलतात तिथे जाणवला, तर मधलं घ्यावं. नाही जाणवला, तर वरचे पैसे ठेवून द्यावेत, पाच-सहा वर्षांनी मशीन बदलायचं तेव्हा लागतात. घरी ट्रायल देत नाही म्हणाले तर ते दुकान यादीतून काढून टाका. आणि हो, श्रवणयंत्रावर जीएसटी शून्य आहे. बिलात मशीनच्या किमतीवर तो लावलेला दिसला तर विचारा.

मुलाचं "दिसणार नाही असं घे" हे मायेपोटी आहे, पण तुमच्या कानाला ते बसणारं नाही. कानाच्या नळीत आत जाणारं बारकं मशीन नळी बुजवून टाकतं. तुमचा खालच्या पट्टीतला कान चांगला आहे, म्हणजे तुमचाच आवाज तुम्हाला मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमेल. शिवाय आपल्याकडची दमट हवा, कानातला मळ, नखाएवढा सेल आणि आपली बोटं, या सगळ्याला तोंड देताना त्या बारक्या मशीनची वाट लागते. तुम्हाला कानामागे बसणारं, बारीक तारेने कानात उतरणारं आणि टोकाला छिद्रांची मऊ टोपी, म्हणजे डोम, असलेलं बरं. केसांच्या बटेखाली ते दिसतसुद्धा नाही. माझ्याकडे ते आल्यावर आमच्या घरातले म्हणाले, कानामागून आली आणि तिखट झाली. आधी मला कळलंच नाही, माझ्याबद्दल म्हणतायत की मशीनबद्दल.

चार्जिंगचं घ्या, जमलं तर. एकतर सेल बदलण्याची कटकट नाही. आणि मुख्य म्हणजे तुमच्याकडे चार वर्षांची नात आहे. मशीनचे बटणासारखे सेल पोरांना गोळीसारखे दिसतात. गिळला, किंवा नाकात घातला, तर केळं खायला घालणं वगैरे काही न करता थेट हॉस्पिटल. सेलवालंच घेतलंत तर नवे-जुने दोन्ही सेल कुलपात. त्या सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवेवर ठेवून मग आत घालायचा असतो, आणि स्टिकर एकदा काढला की वापरा नाहीतर ठेवून द्या, सेल उतरत जातोच.

जून ते सप्टेंबर नवी मुंबईच्या हवेत मशीन रात्री सिलिका जेलच्या डबीत झोपवायचं. आंघोळीला, डोक्याला तेल लावताना, केसांना डाय करताना काढायचं. बाकी ते तसं गुणी असतं.

सगळ्यात जास्त माणसं नापास होतात ती पहिल्या दोन महिन्यांत. तुमचा मेंदू दोन-तीन वर्षं "स" आणि "त" शिवाय जगलाय. ते एकदम परत आले की त्याला वाटतं कुणीतरी ओरडतंय. प्लॅस्टिकची पिशवी फडफडते, बांगड्या किणकिणतात, वर्तमानपत्र कर्रकन उलटतं, स्वतःच्याच चपला वाजतात. मशीन खराब नाही, हे आवाज इतकी वर्षं होतेच. पहिला आठवडा फक्त घरात, शांततेत, रोज दोन-तीन तास. मग वाढवत दिवसभर. रोज पंधरा मिनिटं मशीन लावून मोठ्याने वाचा. तुम्हाला वेगळं सांगायला नको, एखादा जुना धडा काढा आणि वर्ग समोर आहे असं समजून वाचा. स्वतःचा आवाज ओळखीचा झाला की निम्मं काम झालं. मग टीव्हीवरच्या बातम्या, मग दोघींशी गप्पा, मग बाजार, आणि ट्रायलपुरती एकदा सोडली तर भिशी अगदी शेवटी. एका वहीत लिहीत जा: कुकरची शिट्टी बोचते, नातीचं "आजी" कळलं, फोनवर घुमतं. ती वही ऑडिओलॉजिस्टसमोर ठेवा. "बरं वाटत नाही" एवढ्यावर तिला काही दुरुस्त करता येत नाही. "कुकर बोचतो" म्हटलं तर येतं.

नाटकाचं सोडू नका. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात तिसरी-चौथी रांग घ्या, मधली खुर्ची, नटांची तोंडं दिसतील अशी. मशीन लावून पहिलं नाटक विनोदी नको. लोक हसतात तेव्हा पुढचं वाक्य बुडतं आणि आपण उगाच हिरमुसतो.

यजमानांच्या "वयच झालंय" ला एवढंच विचारा, चाळिशीचा चष्मा लागला तेव्हा काय म्हणाला होतात. मात्र त्यांना पटवायला म्हणून दुकानदार जी भीती घालतात, मशीन नाही लावलं तर स्मृतिभ्रंश होईल, ती घालू नका. कमी ऐकू येणं आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध संशोधकांनी मांडलेला आहे, तो खोटा नाही. पण अमेरिकेत जवळपास हजार वृद्धांवर तीन वर्षं चाललेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मशीन लावणाऱ्यांच्या एकूण गटात विचारशक्तीची घसरण कमी झाल्याचं दिसलं नाही. ज्यांचा धोका मुळातच जास्त होता त्यांच्यात मात्र ती बरीच मंदावली. म्हणजे आशा आहे, हमी नाही. तुम्ही मशीन नातीच्या "आजी"साठी घ्या, तेवढं कारण पुरे.

सरकारी मदतीचं कुणीतरी तुम्हाला सांगितलं असेल. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात कमी ऐकू येणं धरलं जातं ते दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे, म्हणून तुम्ही त्यात बसत नाही. राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीच्या पुढच्या माणसांना मशीन मिळतं, पण दारिद्र्यरेषेखालच्यांना किंवा महिना १५ हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना. तुमच्या पेन्शनवर ते जमायचं नाही. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी साठीच्या पुढे असतील आणि त्यांनाही दोनदा सांगावं लागत असेल, तर त्यांच्या कानावर मात्र जरूर घाला.

आता एक गोष्ट तुमच्याकडे, जराशी कडू. न ऐकता "हो हो" म्हणणं बंद करा. मी हे कोळून प्यायलेय, म्हणून सांगते. शाळेत न कळता मान डोलावणारी पोरं तुम्ही शेवटच्या बाकावरून ओळखत होतात, सुनेलाही कळतं. आणि तिला वाटतं, आई माझं ऐकायचेच कष्ट घेत नाहीत. नुसतं "आं?" किंवा "काय?" पण नको. जेवढं ऐकू आलं तेवढं तिला परत द्या. "गुरुवारी कोण येणार म्हणालीस?" असं विचारलं की तिला कळतं, आईंनी गुरुवार ऐकला, फक्त नाव राहिलं. तीही चिडत नाही, कारण तिला अख्खं वाक्य पुन्हा म्हणावं लागत नाही.

सुनेला माझ्याकडून तीन गोष्टी सांगा. आधी "आई" म्हणून हाक, तुम्ही वळून बघितल्यावर मग बोलणं. स्वयंपाकघरातून पाठमोरी, एक्झॉस्ट चालू असताना दिवाणखान्याकडे बोलणं बंद. मशीन कितीही भारी असलं तरी ते भिंतीपलीकडचं ओढून आणत नाही. आणि एकदा सांगून कळलं नाही तर तेच मोठ्याने नको, दुसऱ्या शब्दांत. "भात" लागला नाही तर "कुकर लावू का?" म्हणावं. नातीला हे शिकवायची गरज पडत नाही. चार वर्षांची पोरं आपोआप हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवतात.

ट्रायलची वेळ ठरवलीत की सुनेला बरोबर न्या, मुलाला नको. ऑडिओलॉजिस्टच्या खोलीत ती तुमच्या समोर बसू दे, पाठमोरीही बसू दे आणि तिच्या नेहमीच्या आवाजात काहीही बोलू दे, भात, सात, कात्री. सेटिंग तिच्या आवाजावर लागलं पाहिजे. मुलाचा आवाज तुम्हाला मशीनशिवायही ऐकू येतो.